कूलर बंद कर, मला भांडायचंय

नागपुरात होळी आटोपली की नवरा-बायकोची भांडणं कमी व्हायला लागतात आणि मे महिन्यात जवळजवळ बंद पडतात. याचं श्रेय कोणी संस्कारांना देऊ नये. ते कूलरचं आहे. पत्र्याचा मोठा कूलर पूर्ण वेगाने फिरायला लागला की पलंगाच्या एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला पोचत नाही. मी म्हणते, "तुझ्या मामींनी काल मला सगळ्यांसमोर काय सुनावलं, माहितीये?" नवरा मान डोलवून म्हणतो, "हो हो, पंप चालू आहे." मी म्हणते, "दर वेळी मीच का ऐकून घ्यायचं?" तो मुकाट्याने उठतो आणि माठातलं पाणी आणून देतो. अशा माणसाशी भांडायचं कसं?

शेवटी मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "कूलर बंद कर, मला भांडायचंय!" हे मात्र त्याला ऐकू गेलं. त्याने निमूटपणे बटण दाबलं, समोर येऊन बसला, म्हणाला, "बोल." आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. दिवसभर तापलेला स्लॅब अशा वेळी वाटच बघत असतो. मी विषयाला हात घातला, साक्षीपुराव्यांची जुळवाजुळव केली आणि मामींच्या मूळ वाक्यापर्यंत पोचेस्तोवर माझ्याच घशाला कोरड पडली. "राहू दे, लाव कूलर," मीच म्हटलं. उन्हाळ्यात इथे भांडायचं तर प्रस्तावना गाळून थेट मुद्द्यावर यावं लागतं. साखरपुड्यातलं उकरून काढणं, "तुमच्याकडचे सगळे असेच" हा घराण्याचा इतिहास, मधूनच थोडं रडणं, असल्या पसाऱ्याला सवड पावसाळ्यात. आणि पाऊस येईपर्यंत मामी काय म्हणाल्या होत्या तेच आठवत नाही.

मी डोंबिवलीची. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे घाम. पारा नागपूरइतका चढत नाही, पण लोकलमधून उतरलेल्या माणसाला पिळून दोरीवर टाकावं अशी अवस्था असते. त्यामुळे नागपूरचं स्थळ आलं तेव्हा मी उन्हाळा या विषयावर स्वतःला जाणकार समजत होते. बघण्याचा कार्यक्रम नागपुरात, डिसेंबरात झाला. सकाळी धुकं, अंगात स्वेटर, रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग, आणि भावी सासूबाई म्हणताहेत, "आमच्याकडे हवा फार छान." ही नागपूरची जुनी युक्ती आहे. नागपूर करार झाला १९५३ साली. त्यात विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. कुठलं घ्यायचं हे ठरवणाऱ्यांनी आधी थर्मामीटर बघितलेला दिसतो. मुंबईचे आमदार इकडे येतात ते हिवाळी अधिवेशनाला, हुरडा आणि संत्री खातात, आणि शहर काय सुरेख आहे म्हणत परत जातात. त्याआधी इंग्रजांचाही हिशेब पक्का होता. मध्य प्रांताची राजधानी नागपूर, पण उन्हाळा लागला की साहेब कारभारासकट पचमढीला. मेमध्ये नागपुरात राहतात ते नागपूरकर आणि त्यांच्याशी लग्न केलेल्या मुली.

होळी झाली की कूलर माळ्यावरून उतरतो. आमच्या घरात या दिवसाला सणाचा मान आहे. सासूबाई आदल्या दिवशीच फोन करून विचारतात, "काढला का?" काय ते त्या सांगत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. नवरा अर्धी चड्डी घालून, तोंडाला रुमाल बांधून, कूलरच्या पोटात शिरतो. गेल्या वर्षीच्या ताट्या बाहेर निघतात. त्यांच्यावर पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर चढलेला असतो आणि आत कबुतराने संसार मांडल्याच्या खुणा असतात. मग नव्या ताट्या आणायच्या. रस्त्याकडेला ताट्या बांधणारे बसलेले असतात. आपण माप सांगायचं, ते जाळीत भुसा दाबून बसवतात आणि तारेने शिवून देतात. इथे दरवर्षी आमची एक चर्चा होते. मला वाळा हवा असतो. पाणी पडलं की घरभर तो सुवास पसरतो. नवऱ्याला लाकडाचा भुसा हवा असतो, कारण "हवा जास्त फेकते." म्हणजे त्याचा जोर वाऱ्यावर, माझा वासावर. शेवटी दोन बाजूंना भुसा आणि एका बाजूला वाळा असा तोडगा निघतो. ताटीवाला हे ऐकून जराही चकित होत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक जोडप्यांचे कूलर असेच मिश्रविवाहित असावेत.

खरं कसब आहे ते वरच्या पन्हाळीत. पंप पाणी वर चढवतो, ते पन्हाळीतल्या बारीक भोकांतून ताट्यांवर झिरपतं. आमचं पाणी जड, त्यामुळे ही भोकं बुजतात. एक भोक बुजलं की ताटीवर खालपर्यंत कोरडा पट्टा पडतो आणि त्या पट्ट्यातून गरम हवा येते. नवरा स्टुलावर उभा राहून सुईने एकेक भोक मोकळं करतो. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असते ती आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला असतानाही नव्हती. मी खाली उभी राहून टॉर्च धरते. "डावीकडे. अजून डावीकडे. बस. आलं बघ!" पाण्याचा एक थेंब टपकतो आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसतो. हनिमूनला इतका साधा आनंद झाला नव्हता, तिथे सगळा वेळ फोटो काढण्यात गेला.

पाणी भरणं हा मात्र रोजचा वाद. आमच्या कूलरच्या पोटात बरंच पाणी मावतं आणि मेच्या कोरड्या हवेत तो ते दिवसभरात फस्त करतो. बाथरूमच्या नळाला पाईप लावायचा, तो हॉलमधून, सोफ्याखालून, बेडरूमच्या दारातून नेऊन कूलरच्या पोटात सोडायचा. एकाने नळापाशी उभं राहायचं, एकाने कूलरपाशी. कूलरवाला ओरडतो, "बंद!" नळावाल्याला ते ऐकू येत नाही, कारण बाथरूममध्ये त्याने मोबाइलवर काहीतरी लावलेलं असतं. मग पाणी ओसंडतं, फरशीवरून गॅलरीत, गॅलरीतून खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर. वर्षभर अतिशय गोड बोलणाऱ्या या काकू एप्रिल-मेमध्ये आमच्याशी जपून बोलतात.

याच वेळी नवरा मला एक वाक्य रोज ऐकवतो. "आधी प्लग काढ, मग हात लाव." सुरुवातीला मला हा हुकूम वाटायचा. पण विदर्भात दर उन्हाळ्यात पाणी भरताना कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. पत्र्याची बॉडी, ओले हात, ओली फरशी, सगळी सोय असते. त्यामुळे प्लग स्वतःच्या हाताने काढून, तो मला दाखवून, मगच हा माणूस पाईप माझ्या हातात देतो. कविता करणारे नवरे असतात म्हणे. आमच्याकडे हे आहे.

आता झोपायचं कोणी कुठे, हा प्रश्न. कूलरच्या बाजूला झोपलं तर झोत थेट अंगावर येतो, अधूनमधून पाण्याचे तुषार उडतात आणि पहाटे चारला चादर शोधावी लागते. भिंतीच्या बाजूला झोपलं तर हवा मधल्या माणसाला ओलांडून येते, म्हणजे येतच नाही. नवरा चांगला उंचापुरा, रुंद खांद्यांचा आहे. बघायला आला तेव्हा मला हे फार आवडलं होतं. आज सांगते, नागपुरात लग्न करणाऱ्या मुलीने किरकोळ बांध्याचा मुलगा बघावा, हवा अडत नाही. आम्ही एक दिवसाआड बाजू बदलतो. पण पहाटे चादर ओढताना कोण कोणाच्या बाजूला लोळत गेलं याचा हिशेब राहत नाही, आणि सकाळी दोघंही आपापल्या वाट्याची हवा दुसऱ्याने खाल्ली असं म्हणत उठतात.

माझी आई पहिल्यांदा मेमध्ये राहायला आली तेव्हा तिने आल्या आल्या घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. "अगं, एवढी गार हवा बाहेर जातेय!" नवऱ्याने जावयाच्या मर्यादेत राहून तिला कूलर समजावला. कूलर हवा गार करतो म्हणजे काय, तर कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो. पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेपायी हवेतली उष्णता खर्ची पडते. हवा जितकी कोरडी तितका कूलर खूश, आणि मेच्या दुपारी आमच्याकडची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. पण खोलीत आलेली दमट हवा बाहेर गेली पाहिजे. त्यासाठी समोरची खिडकी उघडी हवी. आईला हे पटेना. ज्या घरात गारवा करायचा त्याच घराची खिडकी सताड उघडी टाकायची, आणि बाहेर पंचेचाळीस! शेवटी नवरा म्हणाला, "आई, खिडकी लावली तर अर्ध्या तासात या खोलीची डोंबिवली होईल." आईने उठून खिडकी उघडली. तिला त्याचा राग आला होता की पटलं होतं, ते अजून कळलेलं नाही.

नागपूरकरांना उन्हाचा त्रास होतो हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. त्यांना उन्हाचा अभिमान असतो. त्रास होतो तो चंद्रपूरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा आला की. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर नवरा चपला काढायच्या आधी मोबाइलवर त्या दिवसाचं कमाल तापमान बघतो. "पंचेचाळीस पॉइंट चार. चंद्रपूर?" मग चेहरा पडतो. "शेहेचाळीस." ब्रह्मपुरीचं नाव तर आमच्या घरात घेत नाहीत. एवढं लहान गाव, आणि विदर्भाच्या यादीत सारखं वर! अकोल्याला माझी नणंद दिली आहे. तिचा फोन उन्हाळ्यात रोज येतो, आणि विचारपूस करायला येत नाही. २०१३च्या मेमध्ये नागपुरात ४७.९ अंश झालं होतं. त्या वेळी नवरा कॉलेजात होता. तो त्या दिवसाची गोष्ट अशा काही थाटात सांगतो की जणू तो पारा त्याने स्वतः हाताने चढवला.

आणि मग ते ५६ चं प्रकरण. २०२४च्या मेअखेरीस दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली. देशभर गवगवा. आमच्या घरात सुतकी शांतता. दुसऱ्याच दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले! नवऱ्याच्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर पेढे वाटल्याचे फोटो सोडून सगळं काही आलं. "दिल्लीवाले काय सांगून राहिले बे आपल्याला!" मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता, आकडा खरा नाही. दिल्लीचं यंत्रही तीन अंश जास्त दाखवत होतं असं निघालं, पण त्याने दुःख हलकं झालं नाही. त्या रात्री नवरा जेवला नाही म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण आमरस दुसऱ्यांदा मागितला नाही.

बाहेर पडताना सासूबाईंचं एक शास्त्र आहे, खिशात कांदा. लू लागत नाही. मी यावर वाद घालत नाही, कारण कांद्याने लू थांबते का हे ठाऊक नसलं तरी सासूबाई थांबत नाहीत हे ठाऊक आहे. नवरा आज्ञाधारकपणे पँटच्या खिशात छोटा कांदा टाकून निघतो, संध्याकाळी विसरतो, आणि ती पँट मशीनमध्ये जाते. कांदा घालून धुतलेले कपडे मेच्या उन्हात गॅलरीत वाळले की शेजारी विचारतात, "आज झुणका का?"

माझी तऱ्हा वेगळी. स्कूटीवर निघताना डोक्यापासून नाकापर्यंत स्कार्फ, वर गॉगल, त्यावर हेल्मेट, अंगात पांढरा सनकोट, हातात मोजे. दुपारी सीताबर्डीच्या रस्त्यावर अशा शेकडो बायका असतात आणि सख्ख्या आईलाही आपली ओळखू येऊ नये. एकदा मेट्रो स्टेशनखाली नवरा गाडी घेऊन मला न्यायला आला आणि एका सनकोटाला मायेने म्हणाला, "बस ना लवकर, ऊन लागून राहिलं ना!" सनकोट म्हणाला, "भाऊ, मी तुमची नाही." मी मागेच उभी होते. लग्नानंतर त्याने माझ्याशीसुद्धा इतक्या मायेने बोलल्याचं मला आठवत नव्हतं. पण घरी पोचेस्तोवर भांडायचं त्राण उरलं नाही आणि घरी कूलर चालू होता.

सिग्नलला थांबण्याची पद्धतही इथे न्यारी आहे. अलीकडे काही चौकांत हिरव्या जाळ्या बांधतात, दुपारी काही सिग्नल बंदही ठेवतात. पण जिथे जाळी नाही तिथे थांबण्याच्या पट्ट्यापाशी एकही गाडी नसते. सगळ्या मागे, कडुलिंबाच्या सावलीत, एकमेकींना खेटून. दिवा हिरवा झाला की तिथून सुटतात. बाहेरगावचा एखादा इमानदार पट्ट्यावर उन्हात थांबतो आणि मागून सगळे त्याच्याकडे करुणेने बघत असतात.

उन्हाळा म्हणजे लग्नं, आणि विदर्भातलं लग्न म्हणजे लॉन. नवं जोडपं म्हणून आम्हाला सगळीकडे जावंच लागतं. मुहूर्त दुपारचा, मांडवात ट्रॅक्टरच्या चाकाएवढ्या पंख्यांचे कूलर, आणि प्रत्येक कूलरसमोर वऱ्हाडी मंडळींची एक रांग जी अक्षतांनाही उठत नाही. खुर्ची सोडली की गेली. मंगलाष्टकं चालू असताना तिथूनच अक्षता फेकतात, त्या पुढच्या रांगेतल्या टकलांवर पडतात. नवरदेवाला शेरवानी घातलेली असते, त्याच्या मागे एकजण हातपंखा घेऊन उभा. मी नवरीकडे बघते. बनारसी शालू, दागिने, हार, आणि वर छायाचित्रकार सांगतोय, "ताई, स्माईल." तिची माझी ओळखही नसते, पण माझा जीव तुटतो. हिला डिसेंबर तरी मिळायला हवा होता.

जेवणात मात्र उन्हाळ्याला कोणी भीक घालत नाही. बाहेर पंचेचाळीस अंश आणि पानात वांग्याची झणझणीत भाजी. सकाळी तर्री पोहे. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि माणसं वर तर्री मागतात. मी एकदा सुचवून पाहिलं, की उन्हाळ्यात जरा दहीभात वगैरे. नवरा म्हणाला, "बरं नाही का तुला?"

आंब्यावरून आमचे दोन पक्ष आहेत. माझ्या माहेरी आंबा म्हणजे हापूस, बाकीची फळं. इथे बाजारात आंध्र-तेलंगणाकडून आलेल्या बैगनफल्लीचे डोंगर असतात. पिवळाधमक, भलामोठा, रेषा नाहीत, आणि भाव असा की माणूस पिशवी भरून आणतो. हापूसची पेटी आली की सासरी ती सगळे देवघरातल्यासारखी बघतात आणि रस मात्र बैगनफल्लीचा करतात. त्यात सरगुंडे. सासूबाईंनी काडीवर वळून केलेले, उकडलेले, पोकळ, रसाने भरलेले सरगुंडे एकदा खाल्ले आणि मी माझ्या पक्षाचा राजीनामा दिला. अर्थात डोंबिवलीला फोनवर हे मी अजून कबूल केलेलं नाही. डोंबिवलीहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मेमध्ये संत्री हवी असतात. संत्रानगरीत मे महिन्यात संत्री नसतात, आंबिया बहार हिवाळ्यात आणि मृग बहार फार तर मार्च-एप्रिलपर्यंत, हे सांगितलं की पाहुणे माझ्याकडे असे बघतात जणू मीच लपवून ठेवलीत. मग संत्र्याची बर्फी देऊन त्यांची बोळवण करते.

अंघोळीचं वेळापत्रकही सांगायला हवं. वरची टाकी दिवसभर तापते. संध्याकाळी सातला नळ सोडला तर चहा टाकता येईल असं पाणी येतं. म्हणून पहाटे बादल्या भरून ठेवायच्या, म्हणजे संध्याकाळी घरात त्यातल्या त्यात गार पाणी मिळतं. आमच्याकडे बादल्या दोन. त्यातली कोणी कोणाची वापरली, याच्या चौकशीत आम्ही दोघांनी एकमेकांचे जबाब घेतलेले आहेत. जानेवारीत गीझरला नावं ठेवणारे आम्ही मेमध्ये गार पाण्यासाठी फ्रिजमधला बर्फ बादलीत टाकतो. हे सासूबाईंना माहीत नाही. त्या म्हणतात, आमच्या वेळी संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, गाद्या टाकायच्या, सगळी वाडी वरच झोपायची. नवविवाहितांनी काय करायचं, असं विचारायची फार इच्छा होते. विचारत नाही.

शहराची संध्याकाळ रात्री नऊला होते. तेव्हा गावाला जाग येते. आम्ही फुटाळा तलावावर जातो. वारा गरमच असतो पण वारा असतो. काही दिवस मेट्रोचा नाद लागला होता. सीताबर्डीहून लोकमान्यनगरापर्यंत गारेगार डब्यात बसून जायचं, उतरायचं, पलीकडून परत. काही कामाने नाही. डब्यात आमच्यासारखी अजून जोडपी असायची. सगळ्यांनी चेहऱ्यावर कामाचा भाव धारण केलेला. डोंबिवलीच्या पोरीने हौसेने गाडीत बसायला जावं आणि बसायला जागा मिळावी, हे लिहिताना अजून खरं वाटत नाही.

आणि मग वीज जाते. रात्री साडेअकराला, कूलरचं पातं हळूहळू थांबतं आणि गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा घरात आवाज ऐकू येतात. घड्याळाची टिकटिक, खालच्या काकूंचा खोकला, आणि नवरा म्हणतो, "तू मघाशी काही म्हणत होती का?" मघाशी म्हणजे दहा तारखेला. सगळी सोसायटी खाली उतरते. गच्चीवर, पायऱ्यांवर, कारच्या बॉनेटवर माणसं. टरबूज कापलं जातं. काकू पापडांचा विषय काढत नाहीत. कोणीतरी तक्रारीला फोन लावतो, तो लागत नाही, आणि फोन न लागल्यावर मंडळी तासभर खुशीत असतात. वीज आली की सगळीकडून एकदम "आली!" असा गजर होतो, माणसं वर धावतात, आणि पुढचे तीन आठवडे कोणी कोणाला भेटत नाही.

एसी घ्यायचा विषय दर नौतप्यात निघायचा. पंचवीस मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की ते नऊ दिवस नवराही जरा नरम पडायचा. मी हप्त्यांचं गणित मांडायची. तो विजेच्या बिलाचं मांडायचा. सासूबाईंचं मत, "एसीने अंग धरतं." शिवाय त्यांचा खरा मुद्दा असा की एसीत दारं-खिडक्या बंद, मग घरात कोण आलं-गेलं कळायचं कसं? गेल्या वर्षी शेवटी एसी आला. बेडरूममध्ये बसला. तो इतका शांत आहे, इतका सभ्य, की पहिल्याच रात्री नवऱ्याला माझी सगळी वाक्यं पहिल्यांदाच पूर्ण ऐकू आली. मामींपासून सुरुवात झाली. रात्री दीडला त्याने एसी बंद केला, हॉलमध्ये गेला आणि कूलर लावून सोफ्यावर झोपला.

जूनमध्ये मात्र पारडं फिरतं. मृगाचे ढग येतात, पाऊस येत नाही, हवा दमट होते. कूलर पाणी पितो, आवाज करतो आणि खोलीत नुसती चिकचिक सोडतो, कारण भिजलेल्या हवेला तो आणखी काय भिजवणार? पंचेचाळीस अंशांत मिशीला पीळ देणारा माझा नवरा तेहेतीस अंशांत कोलमडतो. दर अर्ध्या तासाने बनियन बदलतो. "काय गरमी होऊन राहिली ना बाप्पा! हे काही खरं नाही." मी दाराच्या चौकटीला टेकून गरम चहा पीत उभी असते. गळ्यावर घाम, पाठीला चिकटलेला ड्रेस, अगदी माहेरचा वारा.

"कितीये आज?" मी विचारते.

"तेहेतीस," तो पडल्या पडल्या म्हणतो.

"आणि चंद्रपूर?"